हुपरीच्या सर्व्हरचा पाहुणा

बसाप्पा मगदूम, म्हणजे आमचे अण्णा, दुसऱ्याच्या संगणकात शिरताना चपला बाहेर काढून ठेवीत असत. हे विधान वाचकांस अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे, म्हणून खुलासा करतो. तो संगणक कोठेतरी दहा-वीस मैलांवरच्या गावी असे आणि अण्णा असत शिवाजी पेठेतल्या आमच्या गाळ्यात, आपल्या खुर्चीवर. तारेवाटे त्या दूरच्या यंत्राचा पडदा त्यांच्या पुढ्यात उघडे आणि ते येथे बसून तेथले काम करीत. त्या धंद्यात यास ‘रिमोट घेणे’ म्हणतात. तर रिमोट घेण्यापूर्वी अण्णा चपला उंबऱ्याबाहेर काढीत, तांब्यातल्या पाण्याने हात धूत, केसांवरून कंगवा फिरवीत आणि मगच पासवर्ड टाईप करीत.

मी हा प्रकार प्रथम पाहिला तेव्हा विचारले, “अण्णा, तिथं कोण बघतंय तुमच्या पायाकडं?”

“कोण बघतंय म्हणून का आपण चपला काढतोय, रायटर? दुसऱ्याचं घर हाय त्ये.”

मी व्यवसायाने अर्जलेखक. शाळेने मला नववीत सोडले, परंतु मी भाषेस सोडले नाही. सकाळी अकरापर्यंत मी गाळ्यात बसे, मग कचेरीच्या आवारात माझे टेबल असे. दुपारी तीन वाजता ते आवरून मी परत गाळ्यात येई. वारसनोंदीपासून बंदुकीच्या परवान्यापर्यंत सर्व प्रकारचे अर्ज मी केलेले आहेत. त्यांतला एकच त्रुटीसाठी परत आला आणि ती त्रुटी कारकुनाची होती. गाळा आम्हां दोघांत भाड्याने होता. डाव्या अंगास माझा टाईपरायटर, उजव्या अंगास अण्णांचा संगणक, मध्ये पाण्याचा माठ. ब्रॉडबँड आपल्याकडे नवे नवे आलेले ते दिवस. अण्णा वयाने पंचेचाळिशीचे, अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करीत, मग संगणक आले तेव्हा पुस्तके आणून स्वतः शिकले. सीमेकडच्या गावचे असल्यामुळे आकडे मोजताना कानडीत मोजत आणि रागावताना मराठीत रागावत.

व्यापाऱ्यांची, डॉक्टरांची, सोसायट्यांची मिळून पंधरा-सोळा ठिकाणची यंत्रे त्यांच्या देखरेखीखाली होती. प्रत्येक ठिकाणी एक मुख्य संगणक असे, त्यास सर्व्हर म्हणत. सगळे दप्तर त्याच्या पोटात. त्याच्याशी दुरून जोडणी होईना, की फोन वाजे. अण्णा तो फोन मोठ्या आवाजावर टाकीत, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बोलणे मला निरुपायाने ऐकावे लागे.

इचलकरंजीचे एक सूत व्यापारी एकदा म्हणाले, “अण्णा, सर्व्हर मेला.”

“मेला का बोलंना झालाय?”

“दोन्ही एकच की वो.”

“एकच कसं? आमचं आबा आईसंगट सा म्हैनं बोलत नव्हतं. जितं होतं की.”

मग अण्णांची तपासणी सुरू होई. तिचा क्रम ठरलेला होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. “आधी हाक, मग दार, मग राखणदार, मग माणूस,” असे ते म्हणत. प्रथम ते दूरच्या यंत्रास तारेवरून हाक मारीत. त्याने ओ दिली तर घरात कोणी आहे. ओ दिली नाही तर एक तर वीज नाही, नाही तर तारेवाल्या कंपनीने पत्ता बदलला आहे. “ऱ्हायाला गेलाय दुसरीकडं आणि पत्ता कळवला न्हाय,” असे ते त्या यंत्राविषयी नाराजीने बोलत. ओ आली तर दार. दार बंद असेल तर राखणदाराने अडवले का, हे पाहायचे. तेही ठीक असेल तर आतल्या माणसाने आत घ्यायला परवानगी ठेवली आहे का, हे शेवटी. मी अर्ज लिहिताना प्रति, विषय, संदर्भ हा क्रम जसा सोडत नाही, तसाच हा. एवढ्या एका गोष्टीमुळे मला त्यांच्याविषयी पहिल्यापासून आदर होता.

सूत व्यापाऱ्यांच्या बाबतीत यंत्राने हाकेला ओ दिली, पण दार उघडेना.

“राखणदार बदललासा काय?”

“न्हाई वो. मेव्हण्यानं काल नवीन अँटिव्हायरस घातलाय तेवढा.”

“त्योच राखणदार. मला वळखत न्हाय त्यो. मेव्हण्याला म्हणावं, वळख करून दे आमची.”

मेव्हण्यांनी ओळख करून दिली आणि दार उघडले. अण्णांनी उठून हात धुतले.

त्यांचा खरा राग मात्र वेगळ्याच लोकांवर होता. हे सर्व्हर एका वेळी दुरून येणाऱ्या दोघांनाच आत घेत; तिसरा आला की मज्जाव. आता काम संपल्यावर रीतसर बाहेर पडण्याची एक पद्धत असते. पण पुष्कळ लोक कोपऱ्यातल्या फुलीवर बोट मारून खिडकी बंद करतात व समजतात की आपण बाहेर आलो. प्रत्यक्षात त्यांची जागा आत अडलेलीच राहते. एका लाकडाच्या वखारीतले दोन भागीदार रोज असेच फुली मारून घरी जात आणि मग त्यांच्या कारकुनाला सकाळी आत जाता येत नसे. प्रत्येकाचा संशय दुसऱ्यावर. अण्णांनी दोघांना एकाच वेळी गाळ्यात बोलावले व माझ्यादेखत सुनावले.

“पंक्तीत दोन पाट मांडल्यात. जेवून उठलासा, पर ताट तसंच ठेवून. तिसऱ्यानं बसायचं कुटं? जाताना येतो म्हणावं. फुली काय मारतासा घरमालकाच्या तोंडावर?”

स्वतः अण्णा प्रत्येक यंत्रातून बाहेर पडताना पडद्याला हात जोडून “येतो” म्हणत. एका वकिलांनी आपल्या पडद्यावर कुटुंबाचे छायाचित्र लावले होते. त्यातल्या वृद्ध मातोश्रींना अण्णा आत शिरल्याबरोबर नमस्कार करीत. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर मात्र त्यांची नजर कधी रेंगाळली नाही. एखादे पत्र चुकून उघडे राहिलेले दिसले तर ते मान वळवून, डोळ्यांच्या कडेने जागा हेरून ते बंद करीत. एवढ्या सोळा घरांत रोज जाऊन येणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या पडद्यावर एकही चित्र नव्हते. नुसता निळा रंग. त्यांची पत्नी चार वर्षांपूर्वी वारल्याचे मला गाळ्याच्या मालकाकडून कळले होते. मूलबाळ नव्हते. या विषयावर ते बोलत नसत आणि न सांगितलेले लिहून घेण्याची मला सवय नाही.

आता हुपरीच्या सर्व्हरकडे येतो.

हुपरीस चांदीचे पैंजण करणाऱ्या कारागिरांची एक संस्था होती. तिचे यंत्रही अण्णांकडेच. इतर कोणतेही यंत्र अडले तर अण्णा दोन-दोन तास खुर्चीवरून हलत नसत. गाव चार मैलांवर असले तरी जाणार नाहीत. “गेलो तर हारलो,” असे म्हणत. हुपरीचे यंत्र मात्र तीन-चार आठवड्यांतून एकदा हटकून बंद पडे आणि त्या दिवशी अण्णांचे वागणे अगदीच निराळे होई. एक हाक मारीत, एकदा दार वाजवीत. पाच मिनिटांत उठून “जायाला लागंल” असे जाहीर करीत, खुंटीवरचा इस्त्रीचा सदरा घालीत आणि हुपरीची एसटी पकडीत. संध्याकाळी परत येत तेव्हा हातात पितळी डबा असे. डब्यात खपली गव्हाची खीर. तिला ते हुग्गी म्हणत. त्यातली वाटीभर मला मिळे. गूळ फार, शिजवणूक कमी, तळाशी किंचित करपलेली. मी म्हणे, “करणाऱ्याचा हात अजून बसलेला नाही.”

“व्हय,” अण्णा म्हणत. “शिकायलाय अजून.” आणि उरलेली सगळी खात.

मी याचा अर्थ लावला नाही. माझ्याकडे रोज पन्नास माणसांच्या भानगडी येत असताना एका खिरीचा अर्थ लावीत बसणे मला शक्य नव्हते.

एके दिवशी पोस्टाने अण्णांच्या नावे लिफाफा आला. हुपरीच्या संस्थेचे सेक्रेटरी नवे आले होते; त्यांनी नोटीस धाडली होती. नोटिशीची भाषा कच्ची होती, परंतु आशय पक्का होता. गेल्या सहा महिन्यांत दुरून होणारी जोडणी सात वेळा बंद पडली. त्यामुळे कामाचा खोळंबा झाला. तरी आपले काम काढून पुण्याच्या कंपनीस का देऊ नये, याचा आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

अण्णांनी ती माझ्या टाईपरायटरवर ठेवली. “उत्तर लिवा, रायटर.”

“कारण काय लिहू?”

“विजेचा चढउतार.”

“पुरावा?”

“पुरावा कशाला पायजे विजेला?”

मी त्यांना सांगितले की, माझ्या हातून निराधार विधान जाणार नाही. सेक्रेटरीने उलट विचारले तर तुम्ही तोंडावर पडाल आणि माझा मसुदा तुमच्याबरोबर पडेल. मग मी त्यांचाच क्रम त्यांना लावला.

“बंद पडतं त्या दिवशी हाकेला ओ येते?”

“येती.”

“दार?”

“दारापातूर जाता येतंय. राखणदार बी ठीक.”

“म्हणजे आतल्या माणसानंच मज्जाव केलेला.”

अण्णांनी उठून माठातले पाणी पेल्यात घेतले.

“परवानगीची जागा कुठे असते?”

“एक टिक असती. दुरून आत घ्यावं का, असं तिथं इचारल्यालं असतंय. ती काडली की संपलं. परत लावायला समक्ष जायाला लागतंय.”

“आणि ती टिक दर वेळी कोण काढतो हे कळायची काही सोय?”

त्यांनी हातातला पेला माठावर उपडा ठेवला. मग कपाटातून सात कागद काढून माझ्यापुढे ठेवले. सर्व्हर आपल्यापाशी कोण किती वाजता येऊन बसले याची नोंद स्वतःच ठेवीत असतो आणि अण्णांनी दर खेपेस त्या दिवसाची नोंद छापून आणली होती. सातही दिवशी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, संस्थेचे दार उघडल्याबरोबर, इतर कोणी येण्याच्या आधी, एकच नाव यंत्रावर पाच मिनिटे बसून गेले होते. संस्थेचे हेडक्लार्क, गुरुपाद.

मला आनंद झाला हे कबूल करतो. इतका नेटका पुरावा अर्जलेखकाच्या आयुष्यात क्वचित येतो. मी कोरा कागद चढवला व मोठ्याने म्हणत टाईप करू लागलो, “सबब सदर हेडक्लार्क यांची चौकशी होऊन...”

अण्णांनी टाईपरायटरवर हात ठेवला.

“त्ये नाव न्हाय जायाचं कागदावर.”

“का?”

“सासरं हायत माझं.”

मग त्यांनी जे सांगितले ते तुटक सांगितले. मी ते जोडून देत आहे. पत्नीचे माहेर हुपरीचे. ती आईबापांची एकुलती एक. आई तिच्या आधीच वारलेली. ती गेल्यावर पहिले वर्ष अण्णा अधूनमधून सासऱ्यांकडे जात राहिले. मग भावकी कुजबुजू लागली, लेकच राहिली नाही तर जावयाचे येथे काय काम, घराकडे डोळा आहे की काय. म्हाताऱ्यांनी वर्षाच्या कार्यानंतर स्वतःच सांगितले.

“काय म्हणाले?”

“पावणं, म्हणालं, तुमचं वय न्हाय अजून. दुसरं लगीन करा. हिकडं येत ऱ्हायलासा तर तुमाला कोण लेक देणार न्हाय. आता येऊ नका. हात धरून सांगितलं, मग काय करणार. गेलो न्हाय परत.”

“लग्न?”

“त्येबी केलं न्हाय.”

पुढे संस्थेने संगणक घेतला. काम अण्णांकडे आले आणि अण्णांनी दुरून जोडणीची सोय करून दिली, म्हणजे कामासाठीसुद्धा तेथे जावे लागू नये. हेडक्लार्कांकडे सगळ्या किल्ल्या असत म्हणून त्यांनाच ती टिक दाखवून सांगितले, मामा, कधी संशय आला की कोण परका शिरतोय, तर ही काढायची. मग मला बी आत येता येत न्हाय. तीन महिन्यांनी सर्व्हर पहिल्यांदा बंद पडला. अण्णा गेले. टिक काढलेली होती. मामा शेजारी उभे राहून नवल करीत होते.

“म्हणत्यात, पावणं, काय झालंय बगा ह्येला, मला तर कायबी कळंना. दुरुस्त झालं तवा म्हणालं, आलायसा तर जेवून जावा. घरी गेलो तर आमटी, भात, हुग्गी, समदं करून ठेवल्यालं. सकाळी सातलाच चूल पेटवली असणार त्येंनी. सर्व्हर बंद पडायच्या आधी.”

“त्यांना ठाऊक आहे, तुम्हाला कळलेलं?”

“न्हाय. कळलं तर बंद करतील. लई मानी माणूस.”

 पेच उघड होता. नाव लिहिले तर म्हातारा जाणार. निवृत्तीचे वय केव्हाच उलटून गेलेले, जुन्या चेअरमनांनी केवळ मर्जीने ठेवून घेतलेले. नाव लिहिले नाही तर काम पुण्याला जाणार, आणि त्याबरोबर अण्णांचे हुपरीस जाण्याचे एकमेव कारण जाणार. अण्णांना सोळांतले एक गिऱ्हाईक गेल्याची फिकीर नव्हती. ते सदऱ्याची गुंडी लावीत आणि काढीत बसले होते.

मी कागद बदलला आणि तासाभरात पुढील मजकूर सिद्ध केला.

“दुरून होणारी जोडणी वारंवार खंडित होते याचे कारण, अर्जदाराने सदर यंत्राची समक्ष जागेवर येऊन नियमित पाहणी करण्यात केलेली कसूर, हे होय. सबब दोष सर्वस्वी अर्जदाराचा आहे. यापुढे अर्जदार दर सोमवारी दुपारी समक्ष हजर राहून पाहणी करील. तसे झाल्यास जोडणी पुन्हा खंडित होणार नाही, अशी अर्जदाराची खात्री आहे. याबद्दल वेगळी आकारणी केली जाणार नाही.”

यात एकही शब्द खोटा नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. अण्णांनी दोष त्यांचा असल्याचे वाक्य दोनदा वाचले, बाकीचे एकदाही नीट वाचले नाही आणि सही केली.

हा कागद पोस्टाने पाठवण्यासारखा नव्हता. मी कचेरीचे टेबल एक दिवस बंद ठेवले व अण्णांसोबत एसटीने हुपरीस गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या घरांतून हातोडीचे बारीक आवाज येत होते. 

सेक्रेटरी तरुण होते, आणि तिरसट म्हणावे असे नव्हते. त्यांनी खुलासा वाचला व चष्मा कपाळावर सरकवला.

“दुरून जोडायची सोय म्हणजे काय, तर माणसानं यायला लागू नये. आणि तुम्ही लिहिताय, येतो म्हणून.”

मी म्हणालो, “साहेब, यंत्र दुरून चालवता येतं. दुरून राखता येत नाही.”

त्यांनी थोडा विचार केला. “फुकट येतो म्हणताय तर माझं काय जातंय. दोन महिने बघतो. एकदा जरी परत बंद पडलं, तरी पुण्याला देणार. आवकला द्या, पोच घ्या.”

आवक टेबल बाहेरच्या खोलीत होते. त्यामागे एक कृश गृहस्थ बसले होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, कपाळी विभूती, उजव्या अंगठ्यावर चुलीवर भाजल्याचा ताजा डाग. त्यांनी अण्णांकडे पाहिले आणि ओळख असलेल्या कोणत्याही माणसाकडे पाहावे तितकीच मान हलवली.

“आज तर सर्व्हर चालू हाय की, पावणं.”

“व्हय मामा. कागद द्यायला आलतो.”

आत आलेले प्रत्येक पत्र वाचून त्याचा विषय रजिस्टरात लिहायचा, ही हेडक्लार्कची रीत. त्यांनी चष्मा लावला व आमचा खुलासा वाचावयास घेतला. मी आजवर हजारो लोकांना माझे अर्ज वाचताना पाहिले आहे. कोण कोणत्या ओळीवर आहे हे मला चेहऱ्यावरून कळते. ते ‘कसूर’वर थांबले. ‘दोष सर्वस्वी अर्जदाराचा’वर फार वेळ थांबले. मग ‘पुन्हा खंडित होणार नाही, अशी खात्री’ हे वाक्य त्यांनी बोट ठेवून परत वाचले. अण्णा भिंतीवरच्या सभासदांच्या यादीकडे पाहत उभे होते. सासऱ्यांकडे पाहण्याचे धैर्य त्यांना होत नव्हते.

म्हाताऱ्यांनी चष्मा काढून कोटाच्या कडेने पुसला, परत लावला. शिक्का उचलला, आणि तो न उठवताच परत ठेवला.

“ह्ये कुणी लिवलं?”

“मी,” मी पुढे झालो. “काही त्रुटी असल्यास...”

“हाय एक.” त्यांनी शब्दावर बोट ठेवले.  “ह्यो सोमवार चालायचा न्हाय. सोमवारी माझा उपास असतोय, मी रातीच जेवतोय. दुपारी पावण्यास्नी एकट्यालाच जेवाय बसवू व्हय मी? मंगळवार करा.”

टाईप केलेल्या कागदावर खाडाखोड करू देणे माझ्या तत्त्वात बसत नाही. मी खिशातून पेन काढले, ‘सोमवारी’ हा शब्द एका सरळ रेघेने खोडला, त्याच्या वर ‘मंगळवारी’ असे लिहिले आणि नियमाप्रमाणे बाजूस अण्णांची सही घेतली. म्हाताऱ्यांनी माझ्या हातातून पेन घेतले आणि त्या सहीखाली आपलीही सही केली. तिची काही आवश्यकता नव्हती. मी तसे बोललो नाही.